‘येते’ला शून्य

२ फेब्रुवारी, सोमवार

आज कळलं मी कुठे चुकते. दोनदा नापास झाल्यावर! आणि सांगितलं कुणी, तर खांबावर बसवलेल्या एका डब्याने.

वर्गाच्या कोपऱ्यात नवं मशीन आणून उभं केलंय. वर कॅमेरा, मध्ये पडदा, खाली आवाजाची जाळी. समोर टेबलावर रबरी हात, त्याच्या शिरांत लाल पाणी. शेजारच्या खुर्चीत आपल्यातलीच एक पेशंट होऊन बसते. तिच्याशी बोलत बोलत रबरी हातातून रक्त काढायचं. मशीन सगळं बघतं, सगळं ऐकतं आणि शंभरपैकी गुण देतं. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणे. सराव हवा तेवढा करा, आणि यंदाची परीक्षाही तेच घेणार. पोरींनी पहिल्याच तासाला नाव ठेवलं—सासूबाई. नजरेतून काही सुटत नाही आणि तोंडावर बोलते म्हणून.

माझी पाळी आली. काढलं रक्त. सासूबाई म्हणाल्या, “सुई आधी काढली, दंडाला आवळलेला पट्टा नंतर सोडला. क्रम उलटा. रक्त साकळून हात काळानिळा पडू शकतो.” एवढंच. आवाज चढवला नाही. वय काढलं नाही.

दोन्ही परीक्षा मोठ्या बाईंनी घेतल्या होत्या. आमच्या मुख्य शिक्षिका. दोन्ही वेळा शेरा एकच—‘हाताला सफाई नाही.’ मी विचारलं होतं, बाई, कुठे चुकलं? तर म्हणाल्या, “ते कळायला लागतं गं.” कळायला लागतं! कळत असतं तर फी भरून आले असते का?

आता तिसरी वेळ. संधी तीनच मिळतात. पास झाले तर ज्या लॅबच्या काउंटरवर इतकी वर्षं पावत्या फाडतेय तिथेच आत जाऊन रक्त घेईन. नाहीतर पावत्या आहेतच जन्माला पुजलेल्या.

४ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना मशीनचं सांगितलं. म्हणाले, “चव्वेचाळिसाव्या वर्षी आता डब्याकडून शिकणार?”

म्हटलं, माणसांनी शिकवलं असतं तर डब्याकडे गेलेच नसते. टीव्हीचा आवाज वाढला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी पट्टा बांधायचा सराव. बाबांच्या दंडावर. म्हणजे सासऱ्यांच्या. आपण होऊन बाही वर केली त्यांनी. सात-आठ वेळा बांधून सोडल्यावर म्हणाले, “सूनबाई, हात आहे हो माझा. गवताचा भारा नाही.”

मग विचारतात, “तिकडे म्हणे तुला नवी सासू मिळाली?” म्हटलं, हो, आणि ही चूक झाली की लगेच सांगते. धुसफुसत बसत नाही. खूप हसले. खऱ्या सासूबाई असत्या तर त्याही हसल्या असत्या, पण दोन दिवसांनी.

९ फेब्रुवारी, सोमवार

वर्ग सुटल्यावरही सरावाला थांबते. एकटीच. बाकीच्यांना मशीनचा रागच आहे. ‘टिकटिक’ आहे ना आमच्यात—विशीतली, तोंड घड्याळासारखं अखंड चालू—ती जाता जाता म्हणाली, “ताई सासूच्या लाडक्या झाल्यात. आता किल्ल्याही मिळतील!” सगळ्या फिदीफिदी हसल्या.

हसा. तुमच्या तिन्ही संधी बाकी आहेत. माझी एकच.

टिकटिकचा हात मात्र बघण्यासारखा आहे. शीर सापडली नाही असं होतच नाही तिचं. हे कबूल करताना बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

एकाहत्तर. काल एकाहत्तर, परवा एकाहत्तर. पट्टा सुधारला, बोळ्याने पुसल्यावर स्पिरिट सुकू देते, नळ्यांचा क्रम पाठ. तरी शेवटी सासूबाई म्हणतात, “काम अर्धवट. रुग्णाला थांबवून ठेवले. गंभीर चूक, अनुत्तीर्ण.”

अगं, कुठे थांबवलं? कापूस दाबला, चिकटपट्टी लावली, “झालं हं, येते मी” म्हटलं आणि उठले. आणखी काय आरती ओवाळू?

चहा प्यायले. परत बसले. एकेक गोष्ट बदलून बघितली. चिकटपट्टी आधी, मग नंतर. हसून, न हसता. काही नाही. एकाहत्तर ते एकाहत्तर. मग वैतागून म्हटलं, “झालं. जाते मी.”

चौऱ्याण्णव!

घोडं तिथे पेंड खात होतं तर. मी ‘येते’ म्हणाले की मशीनला वाटतं ही परत येणार आहे. काम बाकी ठेवून, पेशंटला ताटकळत बसवून निघाली. म्हणून त्या पायरीला शून्य. जगात कोणती बाई निघताना ‘जाते’ म्हणते? पण सासूबाईंना ‘जाते’च हवंय. घ्या. जाते, जाते, जाते. वीस वेळा घोकलं.

पोरींना सांगणार नाही. मला कुणी सांगितलं होतं?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जीभ वळली ती वळलीच. सकाळी चपला घालताना “बाबा, जाते मी” म्हणाले. बाबा खुर्चीतून उठले. “जाते काय? मागे फिर. आत ये, बस, पाणी पी. मग येते म्हण आणि नीघ.”

उशीर होत होता. तरी बसले. पाणी प्यायले. येते म्हटलं. आणि दारापासून लॅबपर्यंत मनात ‘जाते’ घोकत गेले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षा झाली. “झालं. जाते मी.” पडद्यावर चौऱ्याण्णव. पास!

मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पडद्याकडे. अभिनंदन वगैरे काही नाही. न का करेनात. मी माझं मीच केलं. घरी येऊन बाबांच्या पाया पडले तर म्हणतात, “माझ्या कसल्या पडतेस, माझ्या दंडाच्या पड.”

हे म्हणाले, “बघू, कागद हातात आला की खरं.”

२४ फेब्रुवारी, मंगळवार

निकाल लागला. पंधरातल्या चौघी पास. अकरा नापास. त्यात टिकटिकसुद्धा.

वर्गात नुसता गोंधळ. मशीन हटवा, मशीन फोडा, फी परत द्या. प्रत्येकीच्या कागदावर शेवटी तेच—‘रुग्णाला अर्धवट सोडले.’ मी एकेक कागद वाचला. सगळ्यांनी येते म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार होत्या? पास झालेल्या बाकी तिघी कशा सुटल्या ते विचारलं. एक “थँक्यू” म्हणून उठली होती, दुसरी घाबरून काही बोललीच नव्हती. तिसरी म्हणाली, “तुमच्या मागे थांबून ऐकलं होतं ताई.”

मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “ही पास झाली तिथेच मला कळलं मशीन बिघडलंय.” ही म्हणजे मी. माझ्याकडे बोट दाखवून!

मी उभी राहिले. म्हटलं, मशीन बिघडलेलं असेल, नसेल. पण दोन वर्षांत मला माझी चूक सांगणारं ते पहिलंच आहे. माझा पास मी सोडणार नाही. ज्यांना मशीन नको त्यांनी बाईंकडून ‘हाताला सफाई नाही’ लिहून घ्यावं आणि भिंतीला लावावं.

कुणीतरी मागून म्हटलं, “सासूची लाडकी ती सासूचीच लाडकी.” म्हटलं, आहे. काय म्हणणं आहे?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

टिकटिक लॅबच्या काउंटरवर आली. मला वाटलं भांडायला आली. बाह्या सरसावूनच बसले होते मी.

पण तिला भांडायचं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात जागा ठरली होती तिची. कागद दाखवला की रुजू. आता ते दुसरीला घेणार. “ताई, तुम्ही इतका सराव केला, तुम्हाला माहीत असेल. माझा हात कुठे चुकतोय?” हात पुढे करून विचारत होती, जणू चूक तिथे लिहिलेली दिसेल.

कुठे चुकतोय. तिने मला नेमका हाच प्रश्न विचारावा! मी काय केलं? पावत्या सरळ करत बसले. म्हटलं, सराव कर, जमेल. मोठ्या बाई बऱ्या म्हणायच्या, निदान ‘कळायला लागतं’ म्हणतात. मला कळलेलं होतं आणि मी सांगितलं नाही.

जाताना म्हणाली, “बरं ताई, येते हं.”

लाज वाटली. इतकी की समोरच्या माणसाने पैसे पुढे केले होते ते दिसलेच नाहीत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सोमवारी संचालकांनी सगळ्यांना बोलावलंय. मशीनच्या कंपनीचा माणूसही येणार. निकाल राहणार की रद्द होणार ते तिथे ठरेल. रद्द झाला तर सगळ्यांची परीक्षा पुन्हा, आणि घेणार मोठ्या बाई. माझी तिसरी संधी त्यांच्या हातात.

मी तोंड उघडलं तर रद्द. गप्प बसले तर पास.

बाबांना सगळं सांगितलं. विचारलं, काय करू? म्हणाले, “मला विचारतेस म्हणजे तुझं ठरलंय. मला फक्त साक्षीदार करतेस.”

२ मार्च, सोमवार

केलं. उद्या पस्तावेन तर पस्तावेन.

कंपनीचा माणूस, टाय लावलेला, गोड बोलणारा. म्हणाला, मशीन हजारो संवाद ऐकून शिकलंय, मुलींच्या बोलण्यात व्यावसायिकता नाही, त्यांना भाषेचं प्रशिक्षण द्यावं लागेल. संचालक माना डोलावत होते. मी हात वर केला.

“साहेब, तुमच्या मशीनला आपली भाषा येते का?”

“येते ना ताई, उत्तम येते.”

“येते म्हणजे? पोचली आहे की अजून वाटेतच आहे?”

आधी कुणाला कळलं नाही. मग टिकटिक फिसकन हसली आणि तिच्यामागून सगळा वर्ग. माणूस टाय चाचपत राहिला.

मग करूनच दाखवलं. टिकटिकला पेशंट म्हणून बसवलं. तोच रबरी हात, तीच सुई, तेच बोलणं. शेवटी ‘येते मी’. सासूबाई—गंभीर चूक, अनुत्तीर्ण. परत सगळं पहिल्यापासून, एक शब्द बदलून. ‘जाते मी’. चौऱ्याण्णव. संचालक खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, “परत करा.” परत केलं. तिसऱ्यांदा ‘येते’ म्हटल्यावर त्यांनीच हात वर करून थांबवलं.

म्हटलं, साहेब, ह्या पोरी नापास झाल्या कारण त्या घरातून जशा निघतात तशाच पेशंटजवळून निघाल्या. आणि मी पास झाले कारण मी ते शोधून काढलं आणि कुणाला सांगितलं नाही. माझे चौऱ्याण्णव खोटे आहेत. खोडा.

निकाल रद्द. मोठ्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाल्या, “शेवटी सोनारानेच कान टोचावेत. हे माणसाचंच काम.”

मला ते हसू नको होतं. म्हटलं, बाई, सोनार भोक कुठे पाडणार ते आधी दाखवतो तरी. मशीन काढून टाका असं मी म्हणतच नाही. त्याला येते-जाते शिकवा आणि सरावाला ठेवा. ते चूक सांगतं. परीक्षा तुम्ही घ्या, पण जी नापास होईल तिला कुठे चुकलं ते सांगायचं. त्या तीन शब्दांत नाही. सगळ्यांसमोर, स्पष्ट. नाहीतर मी ह्या खोलीतून हलत नाही.

हसू मावळलं. संचालक म्हणाले, “मान्य.” बाईंनाही मान्य करावं लागलं.

३ मार्च, मंगळवार

हे म्हणाले, “पदरात पडलेलं कुणी झटकून टाकतं का?”

टाकलं. पदर माझा आहे.

६ मार्च, शुक्रवार

पास झालेल्या तिघी बोलत नाहीत माझ्याशी. त्यांचं बरोबर आहे, त्यांचंही गेलंच ना. पण रोज आधी येऊन मशीनपुढे बसतात, तेव्हा वाया काही गेलं नाही.

कंपनीने मशीनला काय शिकवलं देव जाणे. काल टिकटिक म्हणाली, “घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं वाटेल.” सासूबाई—“खोलीत कीटक आढळला. स्वच्छता तपासा.” आम्ही पोट धरून हसलो. टिकटिकने टेबलाखाली वाकून मुंगी शोधली, मग तिला हात जोडून बाहेर नेऊन सोडली. कंपनीच्या माणसाला फोन लावून हेही सांगितलं मी. म्हणाला, “ताई, तुम्ही आमच्याकडेच या.” म्हटलं, आधी माझं इथलं होऊ दे.

टिकटिक माझी शीर शोधायची पद्धत सुधारतेय. नजरेने नाही, बोटाने शोधा म्हणते. डोळे मिटायला लावले. सापडली! एवढीशी पोर, पण शिकवताना बडबड बंद असते तिची.

९ मार्च, सोमवार

परीक्षा. ह्या वेळी पेशंटच्या खुर्चीत मोठ्या बाई स्वतः बसल्या. हातात घडी केलेली चिठ्ठी. मशीन बंद, कापड टाकलेलं.

मनात म्हटलं, बघा आता सफाई. हात धुतले, हातमोजे घातले. माझ्या कागदावर पेशंटचं नाव होतं ते वाचलं, “तुम्हीच ना ह्या?” विचारलं, बाई “हो” म्हणाल्या. रबरी हाताला पट्टा बांधला. डोळे मिटून बोटाने शीर शोधली. बोळ्याने पुसून सुकू दिलं. एकदाच टोचलं आणि नळीत लाल धार! पट्टा आधी सोडला, मग सुई. कापूस. नळीवर नाव तिथल्या तिथे लिहिलं. “झालं बाई, येते मी.”

एकही चूक नाही. एकसुद्धा! माझ्याइतका स्वच्छ हात आज कुणाचा झाला नसेल, टिकटिकचा सोडून. बाईंचा चेहरा नेहमीसारखाच, कुलूप लावलेला. पण आता त्या काय लिहिणार? लिहायला जागाच ठेवलेली नाही मी. नापास केलं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण नाही.

घरी येताना पायात वेगळाच जोर होता. उद्या लॅबच्या साहेबांना सांगून ठेवते.

१३ मार्च, शुक्रवार

नापास.

टिकटिक पास. नऊ जणी पास. मी उभी राहून म्हटलं, ठरलंय तसं सांगा—कुठे?

मोठ्या बाईंनी सोमवारची चिठ्ठी उघडून दाखवली. तिच्यावर पेशंटचं दुसरंच नाव. म्हणाल्या, “तू विचारलंस तुम्हीच ना, मी हो म्हटलं. आजारी माणूस कशालाही हो म्हणतं. नाव त्याच्या तोंडून काढायचं असतं. तू भलत्याच बाईचं रक्त घेऊन गेलीस.” आणि मग, “तिन्ही वेळा हेच केलंस.” म्हटलं, आणि पट्टा? “पट्ट्यासाठी मी कुणाला नापास करत नाही. तो शिकवता येतो.”

सराव करताना मशीनने प्रत्येक वेळी ‘नाव विचारले’ असं लिहून बरोबरची खूण केली होती. प्रत्येक वेळी.

म्हटलं, मग हे दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत? बाईंनी चिठ्ठीची घडी घातली. म्हणाल्या, “सांगायला हवं होतं.”

बरोबर नापास झाले मी. रडले, तिथेच, सगळ्यांसमोर. मग तोंड धुतलं, खाली कचेरीत गेले आणि चौथ्या वेळेचा अर्ज मागितला. कारकून म्हणाला, चौथी वेळ नसते. म्हटलं, माझी पहिली आजच सुरू झाली, अर्ज द्या. अजून दिलेला नाही. सोमवारी परत जातेय.